नैरोबीतील घरगुती इंटरनेट : प्रश्न वेगाचा नाही, वाटांचा आहे

१२ मे २०२४ रोजी, रविवारी, पूर्व आफ्रिकेतील अनेक देशांचे इंटरनेट एकाएकी मंदावले. मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या दरम्यान समुद्राखालून जाणाऱ्या ‘इझी’ आणि ‘सीकॉम’ या दोन केबल तुटल्या होत्या. त्याआधी फेब्रुवारीत तांबड्या समुद्रातही ‘सीकॉम’सह काही केबल तुटल्याने उत्तरेकडची वाट अरुंद झाली होती. नैरोबीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतलेल्या ग्राहकालाही अशा वेळी दोन्हीकडे सारखाच खोळंबा अनुभवास येऊ शकतो, कारण घरात येणाऱ्या तारा दोन असल्या तरी देशाबाहेर जाणारी वाट एकच असू शकते.

हा प्रश्न आता केवळ करमणुकीचा उरलेला नाही. जोडीदाराच्या बदलीमुळे नैरोबीत आलेले अनेक जण पुण्यातील किंवा लंडनमधील नोकरी घरूनच सुरू ठेवतात. पुण्यात साडेनऊची बैठक सुरू होते, तेव्हा नैरोबीत सकाळचे सात वाजलेले असतात. त्या वेळी संपर्क तुटला, तर वरिष्ठांना समुद्रातली केबल दिसत नाही. दिसते ती कर्मचाऱ्याची अनुपस्थिती. असे दोन-तीनदा घडले की घरून काम करण्याची सवलतच धोक्यात येते.

जाहिरातीतील आकडा काय सांगत नाही

केनियात समुद्राखालील केबल पोहोचल्या त्या २००९ मध्ये. तोपर्यंत देशाचा जगाशी संपर्क प्रामुख्याने महागड्या आणि संथ उपग्रहसेवेवर अवलंबून होता. आज शहरात घरोघरी फायबर आहे आणि वेगाची वानवा सहसा नसते. व्हिडिओ बैठकीला सेकंदाला ३ ते ४ मेगाबिट पुरेसे होतात. साधारण फायबर योजना त्याहून कितीतरी अधिक देते.

तथापि वेग मोजणारी संकेतस्थळे बहुधा जवळच्या, म्हणजे नैरोबीतल्याच सर्व्हरपर्यंतचा वेग दाखवतात. त्यामुळे पडद्यावर ५० मेगाबिट दिसत असतानाही पुण्याशी चाललेले संभाषण अडखळू शकते. खरी चाचणी कार्यालयाच्या सर्व्हरपर्यंतची, कामाच्या वेळेत आणि निदान आठवडाभर घेतलेली असावी.

वीज आणि खांब

२५ ऑगस्ट २०२३ रोजी केनियाचा जवळजवळ सर्व वीजपुरवठा खंडित झाला. नैरोबीचा आंतरराष्ट्रीय विमानतळही अंधारात गेला. असे प्रसंग विरळा असले, तरी तासा-दोन तासांचा खंड नेहमीचा आहे. वीज गेल्यावर फायबर बहुधा शाबूत असते. बंद पडतो तो घरातला राउटर.

त्यावरचा उपाय स्वस्त आहे. फायबरची पेटी आणि राउटर यांना मिळून साधारण १५ वॉट लागतात. १०० वॉट-तासांची छोटी बॅटरी ती पाच-सहा तास चालवू शकते. त्यासाठी संपूर्ण घराच्या इन्व्हर्टरची गरज नाही.

इमारतीकडेही पाहावे लागते. काही इमारतींत सर्व घरांच्या जोडण्या तळमजल्यावरील एका सामाईक यंत्रातून जातात. ते यंत्र जनरेटरवर नसेल, तर घरातल्या बॅटरीचा उपयोग शून्य. शहरात अनेक ठिकाणी फायबर विजेच्याच खांबांवरून नेलेले आहे. एक खांब कोसळला तर वीज आणि इंटरनेट एकदमच जातात. भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : इमारतीत कोणत्या कंपन्यांचे फायबर आहे, सामाईक यंत्राला जनरेटरची जोड आहे का, आणि घरमालक दुसरी जोडणी घेऊ देतो का. शेजारच्या भाडेकरूचे उत्तर विक्रेत्याच्या उत्तरापेक्षा अधिक भरवशाचे असते.

दुसरी वाट कोणती?

फायबरला पर्याय म्हणून दुसरे फायबर घेणे ही सर्वांत दुबळी योजना. दोन्ही त्याच खांबावरून येत असण्याची शक्यता मोठी. सिमकार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर अधिक उपयोगी. तो फायबर देणाऱ्या कंपनीचाच नसावा, अन्यथा पुढची वाट पुन्हा एकच ठरते. बैठकीला तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा लागतो, हे गृहीत धरून शिल्लक ठेवावी. पैसे आगाऊ भरण्याच्या योजनेत मुदत संपताच सेवा थांबते. ‘एम-पेसा’वरून दोन दिवस आधी भरणा केलेला बरा.

स्टारलिंकची सेवा केनियात जुलै २०२३ पासून आहे. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर असल्याने जुन्या उपग्रहसेवेसारखा विलंब जाणवत नाही. मात्र नैरोबी परिसरात मागणी वाढल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबवावी लागली होती. नेहमीच्या आकाराच्या तबकडीला ७५ ते १०० वॉट लागतात, म्हणजे वरची छोटी बॅटरी तिला जेमतेम तासभर पुरेल. शिवाय उपग्रहाचा संदेश कुठेतरी जमिनीवरच्या केंद्रात उतरतो आणि अनेकदा तेथून पुढे समुद्राखालील केबलच धरतो. खांब कोसळल्यास स्टारलिंक तारते. समुद्रातल्या बिघाडात ती तारेलच असे नाही. त्या बिघाडापुरती खबरदारी एवढीच, की सेवा देणारी कंपनी एकाहून अधिक केबलवर क्षमता राखून आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

हे सारे जमले की एक परीक्षा उरते. एखाद्या रविवारी घराचा मेन स्विच बंद करावा, फायबरची तार काढावी आणि पुण्यातील नातेवाइकांशी अर्धा तास व्हिडिओवर बोलून पाहावे. संभाषण टिकले, तर सोमवारची बैठकही टिकेल.