अर्धवेळ नोकरी आणि पूर्णवेळ महाविद्यालय

महाविद्यालयात शिकत असताना अर्धवेळ नोकरी धरावी की नाही, या प्रश्नाचा निकाल रत्नागिरीतील घराघरांत बहुधा दोन परस्परविरुद्ध समजुतींच्या आधारे लावला जातो. पहिली अशी, की मुलाच्या हातात पैसा खेळू लागला म्हणजे अभ्यास संपलाच, आणि दुसरी अशी, की थोर माणसे काम करूनच शिकली, मग तुम्हालाच काय धाड भरली आहे! दुसरी समजूत अधिक आदरणीय दिसते, आणि म्हणूनच ती अधिक बारकाईने तपासावी लागते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणालाही लावले, हे निर्विवाद आहे. परंतु त्या योजनेत काम देणारी आणि शिकविणारी संस्था एकच होती, आणि परीक्षा तोंडावर आली असता गिऱ्हाईक खोळंबले या सबबीवर मुलाला थांबवून घेणारा मालक तेथे नव्हता. आपल्याच जिल्ह्यातील शेरवलीत जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईत शिकवण्या करून आपला खर्च भागविला आणि १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले, हेही खरे. पण शिकवणी हा असा व्यवसाय आहे, की ज्यात दुसऱ्याला समजावता समजावता स्वतःची विद्या घासूनपुसून लख्ख होते. मोबाइलच्या दुकानात रात्री नऊपर्यंत उभे राहण्याला हा दाखला जोडणे म्हणजे कर्व्यांवर अन्याय आणि मुलावरही.

काम करावे की नाही, यापेक्षा ते कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या तासांत करावे, हा रत्नागिरीतील खरा प्रश्न आहे. येथे रोजंदारी सर्वांत सहज मिळते ती मार्च ते मे या आंब्याच्या हंगामात: देठासकट उतरवलेला हापूस आकारमानाप्रमाणे निवडायचा, पेंढ्यावर थर लावून पेटी भरायची, मोठे फळ असेल तर पेटीत डझन कमी आणि बारीक असेल तर जास्त हे नजरेनेच ओळखायचे, आणि वाशीच्या बाजाराकडे जाणारा ट्रक भरून निघेपर्यंत घड्याळाकडे पाहायचे नाही. विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा येतात त्याही याच सुमारास. उलट पावसाळ्यात, महाविद्यालय नुकतेच सुरू होऊन अभ्यासाचा भार हलका असतो, तेव्हा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने मिरकरवाड्यातील हात मोकळेच बसलेले असतात. सुटीचे काम आणि सत्राचे काम यांचा हिशेब म्हणूनच वेगवेगळा मांडावा.

‘हजेरीचे काय, मागाहून सांभाळून घेतात,’ हा भरवसा तर सर्वांत महाग पडणारा. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सरासरी ७५ टक्के उपस्थिती लागते; आजारपणासारख्या रास्त कारणास्तव सूट मिळू शकते, पण नोकरीही त्यांतच मोडते असे धरून चालू नये. शिवाय पावस किंवा लांज्याहून एस. टी.ने येणाऱ्याने, पास सवलतीचा असला तरी प्रवासाचा वेळ सवलतीचा नसतो, हे ध्यानात ठेवावे. संध्याकाळच्या चार तासांच्या कामामागे शेवटची गाडी चुकत असेल, तर त्या कामाचा मोबदला खोलीच्या भाड्यात जमा होतो.

मुलाने चार पैसे मिळविले की शिष्यवृत्ती बंद होते, ही धास्तीही सरसकट खरी नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा पाहिली जाते आणि त्याचा दाखला तहसील कचेरीतून मिळतो. मुलाच्या किरकोळ मिळकतीने एखादे गरीब घर त्या मर्यादेबाहेर जाईल, असा संभव क्वचितच. तथापि प्रत्येक योजनेच्या अटी निराळ्या असल्याने अर्जापूर्वी त्या वाचाव्यात.

मालकवर्गात रूढ असलेला एक समज मात्र विद्यार्थ्यांनीही निमूटपणे पत्करलेला दिसतो: ‘तू अजून शिकतोयस, म्हणून पगार निम्मा.’ किमान वेतनाच्या कायद्यात विद्यार्थी असा कोणताही स्वस्त वर्ग नाही. कमी तासांचे वेतन कमी असेल, पण दर कमी नसतो. ‘शिकाऊ’ हा शब्दही मनाला येईल तसा वापरण्याचा नव्हे, कारण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्यासाठी रीतसर करार आणि त्याची नोंदणी लागते. तास, दर आणि परीक्षेच्या काळातील रजा या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्याव्यात. ज्या मालकाला तेवढ्याने राग येतो, त्याच्याकडे काम न धरलेलेच बरे.

ज्याला घरच्या परिस्थितीमुळे दिवसभर राबणे भागच आहे, त्याने नियमित वर्गात नाव घालून दोन्हीकडे गैरहजर राहण्यापेक्षा १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची वाट धरावी. ती पदवी दुय्यम असते, हा शेवटचा गैरसमज. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने दिलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र आपल्या अभ्यासक्रमाला ती मान्यता चालू आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत पाहून घ्यावे.