कडेची ठिणगी आणि मांजरपाटाची फीत

जुन्या शस्त्रांच्या इतिहासाचा नाद मला पन्नाशीत रायफल क्लबच्या रेंजवर घेऊन गेला. पुस्तकी माहिती भरपूर होती आणि तिच्याच जोरावर मी एक चूक केली. क्लबातली एक शाळकरी मुलगी पॉइंट टू-टू रायफलीने 50 मीटरवर सराव करायची. तिच्या कागदावरची विखुरलेली भोकं पाहून मी तिच्या वडिलांना म्हणालो, "काडतुसं हलकी आहेत, सामन्याची आणा." त्यांनी घरखर्चाला कात्री लावून महागडी पेटी आणली. भोकं होती तशीच विखुरली. माझं निदान कुठे चुकलं हे शोधताना जे हाती आलं, ते इथे मांडतो.

आधी काडतूस पाहू. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी, मध्यभागी, स्फोटक मसाल्याची वेगळी टोपी बसवलेली असते. 'रिमफायर'मध्ये अशी टोपी नसते. पितळी बुडाची दुमडलेली पोकळ कड हेच मसाल्याचं घर. ओला मसाला कवच गरगर फिरवून त्या कडेत पसरवतात. रायफलीची पिन कड चेपते, ठिणगी पडते, दारू पेटते. 1845च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरने घरातल्या नेमबाजीसाठी असं चिमुकलं काडतूस केलं. आजचं 'लाँग रायफल' काडतूस 1887चं, अमेरिकेतलं. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच काडतुसाच्या 50 मीटर प्रकारात.

कड एकदा चेपली की कवच पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे काडतुसात नेमबाजाला हात घालता येत नाही. पेटीत येईल ते घ्यायचं. कडेतला मसाला कमीजास्त पसरला, की गोळीचा वेगही कमीजास्त होतो. वेग सेकंदाला सुमारे 330 मीटर धरला, तर 50 मीटर जायला गोळीला 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती 12 सेंटिमीटर खाली येते. वेगात 10 मीटरचा फरक पडला, तर भोक सुमारे 7 मिलिमीटर वर किंवा खाली सरकतं. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं आहे, हे ध्यानात घेतलं की या फरकाची किंमत कळते.

पण हा दोष कागदावर उभा दिसतो. आडवा ढकलतो तो वारा. ताशी 7 किलोमीटरची आडवी झुळूक, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल एवढी, गोळीला साधारण सेंटिमीटरभर बाजूला नेते. मुलीचे जुने कागद मी पुन्हा काढले. भोकं आडवी पसरली होती. कागद बोलत होता, मी वाचला नव्हता.

तरी शंका होती, की हा हाताचा दोष असेल. म्हणून जुन्या जीनच्या पायांच्या दोन पिशव्या शिवून त्यांत चाळलेली वाळू भरली. रायफल पुढून-मागून त्यांवर टेकवली, की शरीराची थरथर बाजूला पडते. मग मांजरपाटाच्या 5 सेंटिमीटर रुंद, 40 सेंटिमीटर लांब फिती कापून बांबूच्या काठ्यांना बांधल्या. स्पर्धेच्या रेंजवर अशाच मापाच्या सुती फिती 10 आणि 30 मीटरवर असतात. गोळीबार थांबवून, सगळ्या रायफली उघड्या आणि रिकाम्या ठेवूनच त्या रोवायच्या.

पहाटे फिती लोंबत होत्या. साध्या पेटीतली दहा भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. दुपारी फिती हलू लागल्या आणि त्याच पेटीने आडवी रांग काढली. सामन्याच्या काडतुसांनीही तेच केलं.

घरगुती म्हणताना एक रेघ आखून ठेवतो. रायफल आणि काडतूस यांना हात लावायचा नाही. परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. घरी करायचं ते भोवतीचं: वाळूच्या पिशव्या, फिती, गुडघ्यावर बसताना घोट्याखाली घ्यायची ज्वारी भरलेली लोड. तिचंही नियमात माप आहे, 25 सेंटिमीटर लांब, 18 सेंटिमीटर जाड. चाप ओढायचा कोरडा सरावही घरी होतो, पण काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून आणि नळीत झाडलेलं रिकामं कवच घालून. नळी मोकळी असेल, तर पिन तिच्या काठावर आपटून काठ चेपण्याची भीती असते.

आता ती मुलगी आधी फीत पाहते, ती स्थिर झाली की मगच चाप ओढते. तिच्या भोकांची रांग आखडली आहे, पूर्ण गेलेली नाही. महाग पेटीतली उरलेली काडतुसं तिने स्पर्धेसाठी ठेवली आहेत. त्या पेटीचे पैसे द्यायला मी गेलो, तेव्हा वडिलांनी ते घेतले नाहीत. मग घरी येऊन मी तिच्यासाठी फितींचा आणखी एक जोड शिवला.