कल्पित प्राणी घडविताना : पॉलिमर माती आणि नवशिक्याचा हात



जो प्राणी कोणी कधी पाहिलाच नाही, तो चुकीचा घडविला असे म्हणता येईल काय? प्रश्न खेळकर वाटतो. परंतु मातीचा पहिला गोळा हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीपुढे तो उभा राहतो. पंख असलेला सर्प, दोन मस्तकांचा पक्षी, गजमुखी सिंह यांना निसर्गात नमुना नाही; तेव्हा मनाला येईल तसे करावे, चूक दाखविणारा कोण, अशी नवशिक्याची समजूत असते. प्रत्यक्षात पहिलीच आकृती कोणी न सांगता 'मी चुकले आहे' असे सांगू लागते. पंख खाली झुकतात, मान मोडते, पाय देहाला चिकटविलेल्या काड्यांसारखे दिसतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार एका कलाशिक्षकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुस्तिकेत अप्रस्तुत ठरू नये.

माती नव्हे, तरीही माती

अलीकडे दुकानांतून लहान रंगीत वड्यांच्या रूपाने मिळणारी पॉलिमर माती ही खरे पाहता माती नव्हेच. पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकची अतिसूक्ष्म भुकटी, तिला मऊपणा देणारे प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य, थोडे भरणद्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण होय. हे प्लास्टिक १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या पाहण्यात आले. ते मऊ व लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन यांना १९२६ साली साधली. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझे यांच्या कन्येने अशा प्रकारच्या द्रव्यावर घरी प्रयोग केले. तिचे घरगुती नाव 'फिफी'; त्यावरूनच 'फिमो' हे नाव आले आणि १९६४ साली ते द्रव्य एका पेन्सिल-उत्पादक कंपनीकडे गेले. अमेरिकेतील 'स्कल्पी' ही तर आरंभी विजेच्या रोहित्रांतील उष्णता वाहून नेण्याच्या हेतूने तयार केलेली होती. तेथे ती उपयोगी पडली नाही. पण कोणीतरी तिची आकृती करून ती भाजून पाहिली आणि तिचे खरे काम सापडले.

आपल्या परिचयाच्या शाडूत आणि हिच्यात मूलभूत भेद आहे. शाडूतील पाणी उडून जाते म्हणून शाडू वाळते. पाणी गेले की ती आकसते, आणि जाड भाग व पातळ भाग सारख्या वेगाने न आकसल्यास तडा जातो. पॉलिमर मातीत पाणीच नाही. तेव्हा ती वाळत नाही. झाकून ठेवल्यास महिनोन्महिने मऊ राहते. सुमारे ११० ते १३० अंश सेल्सियस उष्णता मिळाली म्हणजे भुकटीचे कण तेलकट द्रव्य शोषून फुगतात आणि परस्परांत मिसळून एकजीव होतात. म्हणून ती जवळजवळ आकसत नाही, आणि सुईने उमटविलेली रेघ भाजल्यावरही तशीच राहते.

कल्पनेला सांधे असावे लागतात

कल्पित प्राणी घडविण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. गजाची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाचे शेपूट घेऊन मकर झाला. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्तींना पंजांत पकडणारा शरभ कोरलेला आढळतो. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावी येथे १०४७ साली उभारलेला गंडभेरुंडाचा स्तंभ आहे. त्यावरील मूर्तीला मानवी देह आणि दोन पक्षिमुखे आहेत. बेळगाव परिसरातील वाचकांना तर हा प्राणी शोधण्यास दूर जावयास नको. कर्नाटक राज्याच्या चिन्हात मध्यभागी दुतोंडी गंडभेरुंड व दोन्ही बाजूंस गजमुखी सिंह आहेत. कित्येक सरकारी कागदांच्या माथ्यावर आपण ते पाहतो, परंतु निरखून पाहत नाही.

निरखून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. या शिल्पकारांनी अवयव कोठूनही घेतले असतील, पण प्रत्येक अवयव ओळखीच्या प्राण्याचा आहे आणि तो योग्य ठिकाणी जोडलेला आहे. इटलीच्या लिओनार्दो दा विंचीने हेच सांगून ठेवले आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटावयाचा असेल तर त्याचा एकेक भाग जिवंत प्राण्यांवरून घ्यावा, असा त्याच्या टिपणांचा आशय आहे. आणि ड्रॅगनसाठी त्याने कुत्रा, मांजर, सिंह, कासव अशा अगदी घराजवळच्या नमुन्यांची नावे दिली आहेत.

नवशिक्याची पहिली फसगत येथेच होते. आज मुलांना चित्रपटांतील ड्रॅगन करावासा वाटतो. त्याला चार पाय व दोन पंख, म्हणजे एकूण सहा अवयव. पृष्ठवंशीय प्राण्यांत सहा अवयवांचा नमुना नाही. कारण पक्ष्याचा वा वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पायच होय. तेव्हा ड्रॅगनच्या पुढच्या पायांमागे खांद्याची दुसरी जोडी कल्पावी लागते, आणि पंख हलविणारे स्नायू राहतील एवढा उंचवटा पाठीवर व छातीवर ठेवावा लागतो. तो नसला की पंख पाठीवर ठेवलेल्या कागदासारखे दिसतात. ज्यांना ही अडचण टाळावयाची असेल त्यांनी युरोपीय चिन्हांतील 'वायव्हर्न' हा दोन पायांचा प्रकार निवडावा. त्यात पुढचे पायच पंख झालेले असतात.

पंख वटवाघळाचा करावयाचा तर तो आधी समजून घ्यावा. वर दंड, मग बाहू, मनगटापाशी आखूड अंगठा, आणि तेथून छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेली लांब बोटे. त्यांच्यामध्ये ताणलेले कातडे. मागच्या पायाचेही तसेच. कुत्र्याचा वा घोड्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो असे मुलांना वाटते. वस्तुतः तो गुडघा नसून टाच आहे, आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. अंगणातील कुत्रा पाच मिनिटे पाहिला तर पुष्कळ चुका घडण्यापूर्वीच टळतील.

आतला सांगाडा

दुसरी अडचण वजनाची. भाजण्यापूर्वी ही माती मऊ असते आणि उष्णता लागताच, कठीण होण्याआधी, ती आणखी मऊ पडते. म्हणून लांब मान वा पसरलेला पंख ओव्हनमध्येच झुकतो. गणपतीच्या मोठ्या मूर्तींना आधार देणाऱ्या आपल्या मूर्तिकारांना हे निराळे सांगावयास नको. तळहाताएवढ्या प्राण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मऊ तारेचा कणा व पाय करावेत. धड व डोके यांसाठी ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा घ्यावा आणि त्यावर सुमारे अर्धा सेंटिमीटर मातीचा थर चढवावा. यात तिहेरी लाभ आहे : आकृती हलकी होते, भाजताना उष्णता सर्वत्र सारखी पोचते आणि पैसे वाचतात. एक लहान वडी साधारणतः ५७ ग्रॅमची असते; भरीव प्राण्यास अशा कित्येक वड्या लागतील. फॉइल व माती यांच्यामध्ये हवा राहू देऊ नये. गरम झाल्यावर ती फुगते आणि वरचा थर फाडते.

मोठ्याकडून लहानाकडे

तिसरी चूक क्रमाची. नवशिका आरंभ करतो तो डोळ्यांपासून आणि खवल्यांपासून, कारण मनात प्राणी उमटतो तो त्यांच्याच रूपाने. मग शंभर खवले बसवून झाल्यावर मान आखूड झाल्याचे कळते आणि केलेले काम मोडवत नाही. अनुभवी हात उलट चालतो. प्रथम प्राण्याचा एकूण तोल आणि पाठीची रेषा, मग डोके, छाती, कंबर यांचे गोळे, त्यानंतर सांधे व स्नायू, शेवटी कातडे. दर टप्प्याला आकृती फिरवून चारही बाजूंनी पाहावी, कारण मुले बहुधा समोरूनच पाहतात आणि पाठीमागून प्राणी चपटा राहतो.

हत्यारे विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. शिवणाची सुई, दाताची काडी, विणकामाची सुई, रिकामी रिफिल एवढ्यावर प्रारंभ होतो. शीतपेयाची नळी तिरपी धरून दाबली की एकसारखा खवला उमटतो. वापरण्यापूर्वी माती चांगली मळावी. न मळलेली माती भाजल्यावर ठिसूळ राहते. पांढऱ्या मातीवर धूळ फार लवकर बसते, म्हणून हात पुसत राहावे. उन्हाळ्यात ती फारच सैल झाली तर थोडा वेळ थंड जागी ठेवावी, किंवा साध्या कागदात दाबून जादा तेल शोषून घ्यावे.

भाजणे आणि सावधगिरी

भाजण्याच्या बाबतीत वेष्टनावर दिलेले तापमान प्रमाण मानावे. घरगुती ओव्हनचे बटण पुष्कळदा खरे तापमान दाखवीत नाही, म्हणून आत ठेवावयाचा लहान तापमापक घेणे शहाणपणाचे. कमी भाजल्यास वस्तू वरून कठीण पण आतून कच्ची राहते आणि काही दिवसांनी पंखाचे टोक मोडते. बाहेर काढल्याबरोबर ती किंचित मऊ लागते. निवल्यावर तिला खरे बळ येते. पंखाखाली कागदाची किंवा फॉइलची उशी द्यावी. एकदा भाजलेल्या धडावर नवी माती लावून पुन्हा भाजता येते. म्हणजे आज धड, उद्या पंख असे टप्प्याटप्प्याने काम करता येते. नवशिक्यासाठी ही फार मोठी सवलत आहे. भाजलेल्या वस्तूवर नखांना लावावयाचे पॉलिश मात्र लावू नये. काही काळाने ते चिकट होते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चालतात.

आता पालकांसाठी दोन शब्द. हे द्रव्य फार तापले तर करपते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू बाहेर पडतो. म्हणून मायक्रोवेव्हच्या लहरींवर किंवा उघड्या जाळावर ते भाजू नये. मोठे माणूस जवळ असावे, खिडकी उघडी असावी आणि वापरलेली ताटे-लाटणी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत. जुन्या काळी वापरल्या जाणाऱ्या काही थॅलेट द्रव्यांवर युरोपात २००५ साली आणि अमेरिकेत २००८ साली मुलांच्या वस्तूंसाठी निर्बंध आले व नामांकित उत्पादकांनी सूत्रे बदलली. तरीही वेष्टन वाचून घ्यावे. आणखी एक गोष्ट : हे प्लास्टिक आहे. ते पाण्यात विरघळत नाही. विसर्जनाच्या मूर्तीसाठी ते मुळीच योग्य नाही. तेथे शाडूच श्रेष्ठ.

पहिली आकृती टाकू नये

यावरून पहिला धडा कोणत्या मातीत गिरवावा याचेही उत्तर मिळते. शाडू स्वस्त आहे, मोडून पुन्हा भिजविता येते. पहिले दहा प्राणी तिच्यात करावेत. तोल व सांधे हातात बसले म्हणजे मग पॉलिमर मातीची वडी उघडावी. कारण ही माती एकदा भाजली की पुन्हा मऊ गोळा होत नाही. झालेली चूक तिच्यात कायमची राहते.

आणि येथेच खरा प्रश्न आहे. आपल्या शाळांतून परीक्षेचा बोजा वाढला की पहिल्याने कमी होतो तो चित्रकलेचा तास. ज्या मुलाचा पहिला ड्रॅगन मोडतो, त्याला मोडण्याचे कारण सांगणारे कोणी जवळ नसेल तर 'मला कला येत नाही' असा निकाल ते स्वतःच देऊन टाकते, आणि पुष्कळदा तो आयुष्यभर टिकतो. वास्तविक त्याच्या कल्पनेत काहीच उणे नसते. उणे असते ते टाचेचे आणि गुडघ्याचे ज्ञान, तारेचा एक तुकडा आणि दहा अंश उष्णता. या तिन्ही गोष्टी शिकविता येतात. जे शिकविता येते ते न शिकविल्यामुळे मूल स्वतःला नालायक ठरवते, ही गोष्ट शिक्षणसंस्थेने हलक्याने घेऊ नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेत एक टेबल, थोडी शाडू, काही तारा आणि आठवड्यातून एक तास एवढी सोय करणे आपल्या आवाक्याबाहेर नाही. त्या टेबलाजवळच्या कपाटात मुलांनी केलेली पहिली, वाकडी, झुकलेल्या पंखांची आकृती तारखेसह ठेवावी आणि तिच्याशेजारी वर्षअखेरची ठेवावी. त्या दोहोंमधील अंतर पाहून मुलाला जे कळेल ते कोणत्याही गुणपत्रिकेतून कळणार नाही.