दोन विलेम आणि एक सही

अॅम्स्टरडॅमच्या बंदराचे १६८६ सालचे एक भलेमोठे तैलचित्र त्या शहराच्या मालकीचे आहे. रुंदी तीन मीटरहून अधिक, उंची पावणेदोन मीटरच्या वर. शहराला लागून असलेल्या एय या खाडीत 'गाउडन लेऊ', म्हणजे 'सोनेरी सिंह', हे लढाऊ जहाज दिमाखात उभे आहे. भोवती होड्या-मचव्यांची गर्दी आणि मागे गावाचे मनोरे. १६७३ च्या टेक्सेलच्या लढाईत डच दर्यासारंग कॉर्नेलिस ट्रॉम्प याच जहाजावर होता. चित्रावर विलेम व्हॅन द वेल्डेची सही आहे, सालही घातलेले आहे. म्हणजे चित्र कुणाचे हा प्रश्न मिटलाच, असे कुणालाही वाटेल. पण या नावाचे चित्रकार दोन होते, बाप आणि मुलगा. १६८६ मध्ये दोघेही हयात होते आणि इंग्लंडात एकाच चित्रशाळेत काम करत होते. हे चित्र धाकट्याचे आहे हे सर्वमान्य आहे, तो वाद मला उकरायचा नाही. मात्र या घराण्याच्या चित्रांपुढे 'कुणी काढले?' एवढे विचारून भागत नाही. पाहिले कुणी, रेखाटले कुणी आणि रंगवले कुणी, असे तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

थोरला विलेम १६११ मध्ये लायडनला जन्मला. जहाज हाच त्याचा विषय आणि रेखाटन हीच त्याची विद्या. डच आरमार लढाईला निघाले की हाही लहानशा गलबतातून मागोमाग जाई आणि तोफा धडाडत असताना कागदावर जहाजांच्या जागा टिपून घेई. १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईत तो असाच हजर होता. कुठल्या जहाजाच्या पिछाडीवर कोणते कोरीवकाम आहे, परबाण कसे बांधले आहे, शीड कुठे फाटले आहे, हे सारे त्या कागदांवर पेन्सिलीने आणि करड्या पाण्याच्या रंगाने उतरले. त्याने नाव कमावले तेही पांढऱ्या लेपावर शाईने काढलेल्या लेखणीचित्रांवर. धाकट्याचा जन्म १६३३ चा. तो सिमॉन द फ्लीगर या सागरचित्रकाराकडे शिकला आणि हवा, उजेड व स्थिर पाणी रंगात धरण्यात बापाच्या पुढे गेला. १६७२ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड मिळून हॉलंडवर तुटून पडले, कामे आटली आणि हे दोघे चक्क शत्रूच्या राजधानीत गेले. तिथे १६७४ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने काढलेला हुकूम मला साऱ्या पुराव्यांत मोलाचा वाटतो. दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड मिळायचे होते: बापाला आरमारी लढायांची रेखाटने करण्यासाठी, मुलाला तीच रेखाटने रंगात उतरवण्यासाठी. कामाची वाटणी राजानेच लेखी करून ठेवली, आणि मोबदला समान ठेवला.

या पुराव्यापुढे सही फिकी पडते. चित्रशाळेत मदतनीस होते, पुढची पिढीही हाताशी होती, आणि बाहेर पडणाऱ्या मालावर नाव घराण्याचेच चाले. आद्याक्षरांनी केवढा घोळ होतो ते डॉर्ड्रेख्त गावात दिसते. तिथल्या आब्राहाम कालराट या चित्रकाराची आद्याक्षरे त्याच गावच्या नामांकित आल्बर्ट कौपशी जुळली आणि त्याची कितीतरी चित्रे कौपच्या खात्यावर जमा झाली. व्हॅन द वेल्डेंच्या बाबतीत म्हणूनच चित्रातल्या जहाजाला विचारावे. धाकटा विलेम एप्रिल १७०७ मध्ये वारला. त्याच वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले आणि इंग्रजी जहाजांच्या लाल निशाणाच्या कोपऱ्यात नुसत्या सेंट जॉर्जच्या क्रुसाऐवजी दोन्ही देशांचे जोडचिन्ह आले. एखाद्या बंदरचित्रातल्या लाल निशाणाच्या कोपऱ्यात ते जोडचिन्ह मुळापासून रंगवलेले असेल, तर खाली व्हॅन द वेल्डेची कितीही झोकदार सही असो, चित्र त्याचे नव्हे. पीटर मोनामीसारखे लंडनचे चित्रकार त्याच्याच वळणावर पुढे काम करत राहिले, त्यामुळे अशी तपासणी नेहमीच लागते.

आता प्रयोगशाळा असताना निशाणे कशाला तपासायची, असे कुणी म्हणेल. प्रयोगशाळेचे महत्त्व आहेच. ओकच्या फळीवरचे चित्र असेल तर लाकडाच्या वर्तुळांवरून झाड कधी तोडले याचा अंदाज येतो. कापडावर तो मार्ग बंद. प्रशियन निळा हा रंग १७०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये सापडला, तेव्हा १६८० च्या म्हणवल्या जाणाऱ्या आभाळात तो निघाला की शंका घ्यावीच लागते, अर्थात नंतरच्या डागडुजीत तो आलेला नसेल तर. पण या चाचण्या कोण नाही ते सांगतात. एकाच छपराखाली, त्याच वर्षी, तेच रंग वापरणाऱ्या बाप, मुलगा आणि मदतनीस यांत कोणाचा हात कुठला, हे त्या सांगू शकत नाहीत. तिथे जाणकाराची नजर लागते. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयातले मायकेल रॉबिन्सन यांनी १९९० च्या आपल्या दोन खंडी सूचीत एकेका चित्रात धाकट्याचा स्वतःचा हात किती, याचा अदमास घेतला तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्र म्हणजे शेवटी रंग आणि उजेड. ते ज्याने घातले तो कर्ता, रेखाटन ही नुसती कच्ची सामग्री. चित्र म्हणून जे आपल्याला भारावून टाकते ते धाकट्याचे, हे मीही मान्य करतो. पण ग्रिनिचला या घराण्याची सुमारे १,४०० रेखाटने आहेत. ती चित्रशाळेची शिदोरी होती, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वापरलेली. परमुलखात राहून डच जहाजाचा तपशील इतक्या अचूकपणे रंगवता येतो तो असा साठा हाताशी असतो म्हणून. त्याला कच्चा माल म्हणणे म्हणजे राजाने दिलेल्या शंभर पौंडांचा अर्थच न समजणे. बाजारात 'चित्रशाळेचे काम' म्हटले की किंमत उतरते, म्हणून विकणारे एकच नाव पुढे करतात. संग्रहालयांना मात्र ती गरज नाही. त्यांनी फलकावर रंग कोणाचा आणि रेखाटन कोणाचे हे जिथे माहीत आहे तिथे वेगवेगळे लिहावे, आणि मूळ रेखाटन उपलब्ध असेल तर त्याची प्रत चित्राशेजारी लावावी.