निनावी पदक आणि त्याची फीत

प्रजासत्ताक दिनी दादरच्या शिवाजी पार्कवर संचलन होते, तेव्हा प्रेक्षकांत काही वयोवृद्ध गृहस्थ कोटाच्या डाव्या बाजूस पदकांची ओळ लावून बसलेले दिसतात. कधीकाळी लालबाग-परळच्या चाळींत एक भाऊ गिरणीत आणि दुसरा पलटणीत, अशी कुटुंबाची वाटणी असे. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीहून आलेल्या त्या घरांतील ट्रंकांत पलटणीतल्या भावाची पदके अजून पडून आहेत. आता चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. खोली रिकामी करताना ट्रंक भंगारवाल्याकडे जाते, आणि त्यातील कांशाचे गोल तुकडे किलोच्या भावाने विकले जातात किंवा चोरबाजारातील एखाद्या काचेच्या पेटीत येऊन पडतात.

व्यापारी माणसाला हातातील वस्तूचे मोल चटकन कळते. परंतु पदकाच्या बाबतीत तराजू उपयोगी पडत नाही. विशेषतः संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे पदक हे त्या दृष्टीने फसवे आहे. ३५ मिलिमीटर व्यासाचे ते साधे कांस्यपदक. पुढे राष्ट्रसंघाचे बोधचिन्ह, मागे ‘शांतीच्या सेवेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. भारतीय सेनापदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. या पदकावर काहीही कोरलेले नसते. जगभरच्या सैनिकांना तेच पदक मिळते. मग ते कोठल्या भूमीवरील सेवेचे, हे कशावरून ओळखावे? फितीवरून.

प्रत्येक मोहिमेची फीत निराळी असते. सुवेझच्या संघर्षानंतर १९५६ मध्ये गाझा आणि सिनाई भागात जी आणीबाणी सेना गेली, तिची फीत वाळूच्या रंगाची. मधोमध राष्ट्रसंघाचा फिका निळा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस गडद निळ्या व हिरव्या बारीक रेघा. वाळू म्हणजे सिनाईचे वाळवंट, गडद निळी रेघ सुवेझ कालव्याची आणि हिरवी नाईलच्या खोऱ्याची. काँगोची कथा आणखी वेगळी. तेथे १९६० मध्ये सेना गेली तेव्हा पदकाची फीत निळी, पांढऱ्या कडांची होती आणि तिच्यावर ‘काँगो’ अक्षरांची छोटी धातूची पट्टी असे. १९६३ मध्ये फीत बदलून हिरवी करण्यात आली. त्यामुळे एकाच मोहिमेतील दोन सैनिकांच्या घरी दोन रंगांच्या फिती सापडल्या तर त्यांपैकी एक खोटी, असा तर्क करू नये.

हे पदक मिळण्यास मोहिमेत सामान्यतः किमान ९० दिवस सेवा व्हावी लागते. त्याच मोहिमेवर पुन्हा सेवा घडली तर दुसरे पदक मिळत नाही. फितीवर धातूचा छोटा अंक बसवला जातो. तो ‘२’ निखळून पडला की एका माणसाच्या आयुष्यातील कित्येक महिने हरवले असे समजावे.

भारत सरकारचे ‘विदेश सेवा पदक’ या पदकाशेजारी दिसते. ते १९६० मध्ये स्थापन झाले, मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या सेवेसाठी लागू आहे. देशाचे नाव त्याच्या फितीवरील धातूच्या पट्टीवर असते. कोरियाचे नाव वाचताना मराठी माणसाला जनरल थोरातांची आठवण व्हावी. कोल्हापूरचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात १९५३-५४ मध्ये कोरियातील भारतीय अभिरक्षक दलाचे प्रमुख होते. मायदेशी परतण्यास नकार देणारे २२ हजारांहून अधिक युद्धकैदी या दलाच्या हवाली होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्याने जहाजावरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. तेथे कैद्यांनी मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि रक्त न सांडता त्यांना सोडवून आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन, मिळाले. तेच आज कीर्तिचक्र म्हणून ओळखले जाते.

पदके लावण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. ओळीत सर्वात ज्येष्ठ पदक छातीच्या मध्याजवळ, म्हणजे धारण करणाऱ्याच्या उजव्या हाताकडील टोकास येते. राष्ट्रसंघाचे पदक भारतीय पदकांच्या नंतर. सर्व पदकांच्या खालच्या कडा एका रेषेत याव्यात, अशा बेताने फिती कापल्या जातात. बांधणी दोन प्रकारची. पहिल्या पद्धतीत पदके पट्टीवरून मोकळी लोंबतात आणि चालताना एकमेकांवर किणकिणतात. दुसरीस ‘कोर्ट माउंटिंग’ म्हणतात: मागे बकरमसारखे ताठ कापड घेऊन त्यावर फिती आणि पदके टाके घालून पक्की बसवतात. पदके अधिक असतील तर ती एकमेकांवर थोडी चढवली जातात, पण ज्येष्ठ पदक पूर्ण दिसलेच पाहिजे. रोजच्या गणवेशावर केवळ फितींचे तुकडे. पूर्ण पदके समारंभी पोशाखावर आणि त्यांच्या लहान प्रतिकृती रात्रीच्या भोजनपोशाखावर.

मुंबईच्या दमट हवेत फीत विरते. अशा वेळी घरची मंडळी भुलेश्वरला जाऊन रंग जुळवून साडीच्या काठाची पट्टी आणतात! हेतू चांगला असला तरी पदकाची ओळखच त्यामुळे पुसली जाते. त्या मोहिमेची योग्य फीतच मिळवावी, आणि जुनी विरलेली फीत लिफाफ्यात घालून जपावी. चिंच-मीठ लावून पदक घासणेही टाळावे. झिजलेली अक्षरे पुन्हा उमटत नाहीत.

राष्ट्रसंघाचे एक पदक मात्र फितीविना आहे. सेवेत मरण पावलेल्यांसाठी १९९७ मध्ये ‘डाग हॅमरशोल्ड पदक’ स्थापन झाले. ते अंड्याच्या आकाराचे, पारदर्शक स्फटिककाचेचे आहे. ते कोटावर लावता येत नाही, पण मृताचे नाव आणि मृत्यूची तारीख त्यावर कोरलेली असते.

वडिलांची पदके मुलाने लावावीत का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर. दिवंगत आप्ताची उजव्या छातीवर, आणि तीही स्मारकावरील आदरांजलीसारख्या प्रसंगीच. भारतीय सैन्यानेही हुतात्म्यांच्या आप्तांना अशी मुभा दिली आहे. आपण सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख किंवा चिन्ह धारण करणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे.

ट्रंक उचलण्यापूर्वी तळाशी सेवापुस्तिका किंवा निवृत्तीचे कागद आहेत का, ते पाहावे. निनावी पदकाचा धनी त्या कागदांवरूनच ठरतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सैनिकांची नोंद बेळगावच्या अभिलेख कार्यालयात असते. कागद मुळीच न सापडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. जाताना सैनिकाचा क्रमांक टिपून न्यावा. तो बहुधा शेजारच्या विदेश सेवा पदकाच्या कडेवर, भिंगाखाली धरल्यास, सापडतो.