राज्यशास्त्र घेऊन पोरगी काय करणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत हा प्रश्न हमखास निघतो. मजुरी करून शिकवणाऱ्या आईबापांनी तो विचारला तर आम्हाला त्यात गैर वाटत नाही. बी. ए.ला राज्यशास्त्र घेतल्याने आपोआप नोकरी लागत नाही, हे खरेच आहे. राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पण तिथे लागणारी राज्यघटना आणि पंचायत राज या विषयात पक्के होतात.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, १६ वर्षांच्या लढ्यानंतर. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. परभणीची महाविद्यालये त्याच्याच कक्षेत येतात.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे धरपकड झाली. कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, त्याला वकिलाचा सल्ला घेता येतो, हे सांगणारे कलम २२ प्रत्येक घरात एकाला तरी ठाऊक हवे.

म्हणून लेकीने हा विषय मागितला तर अडवू नका. तिला मात्र बजावा: गाईड पाठ करून भागणार नाही. मूळ घटना वाच, ग्रामसभेला बस, जमाखर्च विचार. जोडीला संगणक शीक आणि शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भर.