गुरूची पारख : ‘दासबोधा’तील एक समास

‘दासबोधा’च्या पाचव्या दशकाचा पहिला समास गुरूवाचून ज्ञान नाही, असे निक्षून सांगतो. तेवढाच वाचून ग्रंथ मिटला, तर भेटेल त्याच्या पायांवर डोके ठेवावे, असा समज होण्याचा धोका आहे. म्हणून त्याला लागून येणारा ‘गुरुलक्षण’ हा दुसरा समास तुम्ही आवर्जून वाचावा. गुरू हवा म्हणणारे समर्थ रामदास येथे गुरू पारखून घ्यावयास सांगतात.

आरंभच करामतींपासून होतो. करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात. मोक्षदाता सद्गुरू मात्र निराळा. करामत खरी की खोटी, या वादात रामदास येथे शिरत नाहीत. ती खरी असली तरी तिने सद्गुरुपण सिद्ध होत नाही, असा त्यांचा रोख आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीचा प्रश्न वेगळा होता : चमत्कार मुळात घडला का, हे तपासून पाहू. आपल्याला दोन्ही प्रश्नांची गरज आहे.

मग पारख कशी करावी? जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियदमन करवीत नाही, असा गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावा, असे रामदास बजावतात. अडका म्हणजे अगदी हलके नाणे. ‘पैसाअडका’ या जोडशब्दात ते अजून टिकून आहे. गुरूसारख्या विषयात असा बाजारी हिशेब मांडायला रामदासच हवेत!

याहून मार्मिक आहे तो वैद्याचा दृष्टान्त. दुराचारी वैद्य रोग्याचे सर्वस्व हरण करतो आणि शेवटी त्याची भीड धरून घातही करतो. भोंदू म्हटला की धाक घालणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. रामदास मात्र शिष्याला रुचेल तेच बोलणाऱ्या गुरूकडे बोट दाखवतात. असा गुरू ओळखणे कठीण, कारण त्याच्याकडून परतताना आपल्याला बरे वाटत असते.

हा दृष्टान्त पुष्कळ घरांत शब्दशः खरा ठरतो. साप चावलेल्या माणसाला रुग्णालयाऐवजी मांत्रिकाकडे नेले, तर प्रतिविष देण्याची वेळ निघून जाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावासाची. या कायद्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. कायद्याचा अध्यादेश निघाला तो त्यानंतर काही दिवसांनी.

समासात पुढे रामदास गुरूंचे सतरा प्रकार सांगतात. त्यांत मंत्रगुरू आहेत, विद्यागुरू आहेत, माता-पिताही आहेत. त्यांना कोणी गुरू म्हणू नये, असे नव्हे; परंतु एका गुरूचा अधिकार दुसऱ्याला लागू होत नाही. प्रवचन उत्तम करणाऱ्याने मधुमेहाची गोळी बंद करावयास सांगितली, तर तो आपल्या प्रांताबाहेर गेला, हे ओळखण्यास ही यादी उपयोगी पडते.

स्वाध्याय : ज्यांचा शब्द तुम्ही सहसा मोडत नाही, अशा एका व्यक्तीविषयी, नाव न देता, दोन परिच्छेद लिहा. त्यांचा अधिकार नेमका कोणत्या विषयात आहे? तुम्हाला न रुचणारे सत्य त्यांनी शेवटचे केव्हा सांगितले?